पैलवानाचं वजन

माझा धंदा वजनाचा आहे. निघोज्याच्या रस्त्याला आमची थोडी जमीन एमआयडीसीतून वाचली, तिच्यावर मी ट्रकचा वजनकाटा टाकला. भरलेली गाडी येते, लोखंडी पाट्यावर उभी राहते, मी केबिनमध्ये बसून आकडा बघतो आणि पावती फाडतो. गाडी माल उतरवून परत येते, परत आकडा. अख्खं चाकण माझ्यासमोर मोजलं गेलं म्हणा ना. आणि मी स्वतः? कुस्ती सोडल्यापासून मी कुठल्याच काट्यावर पाय ठेवला नव्हता.

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मॅडम म्हणाल्या, बाकीच्या पेशंटांसमोर चार शब्द बोला. गेलो, उभा राहिलो, आणि तोंडातून शब्द फुटेना. सगळे माझ्या पोटाकडेच बघतायत असं वाटत होतं. म्हणून हे लिहून देतोय. उपदेश करायला मी कोण? पण कुणी स्वतःच्या अंगाची लाज वाटून दवाखान्याच्या दारातून परत फिरत असेल, तर त्याने एकदा माझं ऐकावं.

खुराक

आमच्या गावात एकदा माणूस तालमीत गेला की तो मरेपर्यंत पैलवान. मला आजही कुणी बबन म्हणत नाही, बबन पैलवान म्हणतात. विशीत माझा गुडघा गेला आणि कुस्ती सुटली. मेहनत सुटली, जोर-बैठका सुटल्या. खुराक काही सुटला नाही. सकाळी तांब्याभर दूध, त्यात तूप, वर बदामाची थंडाई. दुपारी मटणाचा रस्सा असला की भाकऱ्या कुणी मोजत नसे. आई वाढायची आणि मी खायचो. कुणाच्याच मनात आलं नाही की अरे, हा आता दिवसभर खुर्चीत बसतो.

अंगानं थोडा उतरलो तर लोक काळजीनं विचारायचे, "पैलवान, वाळला का?" आमच्याकडे वाळणं म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय. मग आई तांब्यात अजून एक चमचा तूप सोडायची.

माझी मुलगी श्रावणी, दहावीला आहे. तिलाही लहानपणापासून तोच तांब्या. पैलवानाची लेक हाय, अंगानं भरलेली पायजे, असं आई म्हणायची आणि मी मिशीला ताव द्यायचो. तिच्या वाढदिवसाला माझ्या दोस्तांनी चौकात फ्लेक्स लावला. तिचा मोठा फोटो आणि खाली "छोटी पैलवान". ती त्या दिवशी शाळेतून आली आणि म्हणाली, पप्पा, तो काढायला सांगा. मी हसलो. लोक प्रेमानं लावतात गं, म्हणालो. फ्लेक्स वाऱ्यानं फाटेपर्यंत तिथंच होता आणि ती तेवढे दिवस मागच्या गल्लीनं शाळेत गेली.

झोप

आजार कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. पण लोकांना तो कधी दिसला ते माहीत आहे.

मला दिवसा झोप लागायची. साधी डुलकी नाही, बसल्या बसल्या मान खाली आणि घोरणं सुरू. रात्री मी इतका घोरायचो की बायको, सुरेखा, पोरीच्या खोलीत झोपायला लागली होती. एकदा पाट्यावर भरलेला कंटेनर उभा, मागे गाड्यांची रांग, सगळे हॉर्न वाजवतायत आणि मी केबिनमध्ये तोंड उघडं टाकून घोरतोय. कुणीतरी काचेतून व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो गावाच्या ग्रुपवर. खाली हसण्याच्या बाहुल्या. मीही एक हसणारी बाहुली टाकली, न टाकून करतो काय? कानापर्यंत आग झाली होती.

श्रावणीच्या वर्गातही तो व्हिडिओ फिरला, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

ओव्हरलोड

नवी चप्पल लागून पायाला फोड आला. तो काही भरेना. मग पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला, सुजला, थंडी वाजून ताप आला. सुरेखा आणि माझा चुलतभाऊ संपत, दोघांनी मला गाडीत घालून चिंचवडच्या दवाखान्यात नेलं.

आत घेण्याआधी वजन. काटा भिंतीला लागून, समोर बाकांवर पेशंट बसलेले. मी चढलो. आकडा काही येईना, नुसत्या रेघा आल्या. नर्सनं मला उतरवलं, परत चढवलं. परत रेघा. पोरगी बिचारी नवी होती, तिनं आत हाक मारली, "सिस्टर, काकांचं वजनच येत नाहीये, काटा संपला." बाकांवरची सगळी डोकी वर झाली.

मला काट्याची भाषा कळते. मी म्हणालो, ओव्हरलोड हाय. माझ्या काट्यावर असली गाडी आली तर मी ड्रायव्हरला चार शिव्या देतो. मला वाटलं कुणीतरी हसेल आणि वेळ निभावेल. कुणी हसलं नाही. सुरेखा फरशीकडे बघत उभी होती.

साखर इतकी होती की डॉक्टरबाईंनी परत तपासायला लावली. बीपी वाढलेलं. सोनोग्राफीत लिव्हर चरबीनं सुजलेलं. बाईंनी विचारलं, दारू किती घेता? थेंबाला शिवत नाही, म्हणालो. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. म्हणाल्या, दारू न पिताही होतं हे. पोटात साठलेल्या चरबीमुळे शरीर स्वतःचं इन्सुलिन मानेनासं होतं, मग साखर चढते, लिव्हरवर चरबी बसते. रात्री गळ्याशी श्वास अडकतो, म्हणून दिवसा झोप येते. हे वेगवेगळे रोग समजू नका, म्हणाल्या, मूळ एकच आहे.

डॉक्टरांनी मानलं, पण संपतनं मानलं नाही. लिव्हर सुजलं हे त्यानं गावात सांगितलं आणि पैलवान चोरून पितो ही बातमी आमच्या आईच्या कानावर भाजीवाल्याकडून आली. इन्सुलिनच्या सुईनं मला काही वाटलं नाही. ह्यानं मात्र रडू आलं.

दोन गाऊन

दवाखान्याचा गाऊन मला होईना. मागून सगळी पाठ उघडी. बीपीचा पट्टा दंडाला पुरायचा नाही, फटकन सुटायचा. पहाटे बोटाला सुई टोचून साखर बघायचे, मग इन्सुलिन, मग पायाचं ड्रेसिंग. मी कुशीवर वळलो की पलंग करकरायचा आणि शेजारच्या पलंगावरचे म्हातारे आजोबा दचकून उठायचे.

सगळ्यात वाईट काय सांगू? मला माझे पाय धुता येत नव्हते. घरीही येत नव्हते, पण घरी ते कुणाला माहीत नव्हतं. तिथं पडदा ओढून सुरेखानं मला पुसून काढलं, मांडीच्या घड्यांतसुद्धा, जिथं कातडी सोलवटली होती. मी छताकडे बघत राहिलो.

वॉर्डातल्या मावशी होत्या, थेरगावच्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी दोन गाऊन उसवून एक शिवून आणला. हातात देत म्हणाल्या, "घाला दादा, आता पाठ झाकंल." हे उपकार मी विसरणार नाही.

डबा

आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला मोकळ्या हातानं जात नाहीत. तालमीतले दोस्त आले, बरोबर वस्ताद. वस्तादांनी मला पोरवयात मातीत लोळवून उभा केलेला, त्यांच्यापुढे मी अजून मान खाली घालतो. त्यांनी स्टीलचा डबा काढला, डिंकाचे लाडू, तुपानं थबथबलेले.

"ह्ये लोक उपाशी मारत्यात पैलवान," वस्ताद म्हणाले. "तोंड उतरलं बघ तुझं. खा गुमान, आमी हाय."

नको कसं म्हणायचं? मला साखर आहे हे तर मी त्यांना सांगितलंही नव्हतं. पायाला लागलंय एवढंच सांगितलं होतं. डबा उशीखाली सारला.

दुपारी सुरेखा औषधं आणायला खाली गेली. मी दाराकडे पाठ केली, तोंडावर चादर घेतली आणि लाडू खाल्ला. त्रेचाळीस वर्षांचा बाप्या, चादरीत तोंड घालून लाडू खातोय! चादर बाजूला केली तर समोर श्रावणी. क्लास सुटल्यावर थेट आली होती.

मला वाटलं आता ओरडेल. तिनं दप्तर खाली ठेवलं, पलंगाच्या कडेला बसली आणि हात पुढे केला. "मला पण द्या," म्हणाली. मी दिला. आम्ही दोघं बापलेक दाराकडे पाठ करून लाडू खात बसलो, आणि मला तेव्हा जेवढी लाज वाटली तेवढी त्या बाकांवरच्या लोकांपुढेही वाटली नव्हती. ती माझ्यासारखंच खात होती, भराभर, न चावता, कुणी यायच्या आत.

तशातच आल्या त्या आहारतज्ज्ञ मॅडम. डबा त्यांनी पाहिला, पण त्या श्रावणीच्या मानेकडे बघत होत्या. केस वर बांधलेले, मागून मान काळी, मखमलीसारखी जाड झालेली. कधीपासून आहे, त्यांनी हळूच विचारलं. श्रावणीनं लगेच ओढणी वर घेतली.

तेवढ्यात सुरेखा आली. ती म्हणाली, मळ आहे हो, किती सांगते नीट घासत जा. मीच दर रविवारी टाचा घासायच्या वजरीनं घासते, बेसन-लिंबू लावते, जातच नाही. आणि ते खरं होतं. न्हाणीघरातून पोरीचा आवाज यायचा, आई दुखतंय, आणि मी बाहेरून म्हणायचो, घास गं चांगलं. तिच्या मानेला एका जागी साल निघून खपली धरली होती.

मॅडमनी ओढणी बाजूला केली नाही. एवढंच म्हणाल्या, "ताई, हा मळ नाही. घासू नका आता. तिच्या वडलांना जे झालंय, त्याची ही तिच्या अंगातली सुरुवात असू शकते."

मग त्यांनी पाळीचं विचारलं. सुरेखानं माझ्याकडे बघितलं. मला बाहेर जाता येत नव्हतं, हाताला सलाईन. मी भिंतीकडे तोंड केलं. मागून पोरीचा आवाज आला, अगदी बारीक, की कित्येक महिने आलेली नाही. सुरेखाला माहीत नव्हतं. श्रावणीला वाटलेलं की एवढी जाडी आहे त्याची शिक्षा म्हणून बंद झाली असेल, म्हणून तिनं सांगितलंच नाही.

मॅडम म्हणाल्या, घाबरायचं नाही, ह्या वयात पकडलं तर पुष्कळ काही माघारी फिरतं. रक्त तपासू, सोनोग्राफी करू, आधी वजन घेऊ. वजन शब्द आला आणि पोरगी उठली. दप्तर उचललं आणि चालती झाली.

तांब्या

मी घरी आलो. पायाची जखम भरली. रात्री नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन मिळालं, हवा आत ढकलणारं. पहिल्यांदा लावलं तर आई घाबरून देवापुढे बसली. पण घोरणं थांबलं आणि सुरेखा आपली उशी घेऊन आमच्या खोलीत परत आली. येताना म्हणाली, विमानाच्या ड्रायव्हरसारखे दिसताय. कित्येक दिवसांनी ती माझ्यावर हसली.

श्रावणी मात्र तपासणीचं नाव काढू देईना. उन्हातसुद्धा मानेला ओढणी. जेवायला आमच्यात बसायची नाही, ताट घेऊन दाराआड जायची. मी रागावून बघितलं, गोड बोलून बघितलं, मोबाईल देतो म्हणालो. ती म्हणाली, शाळेत तपासणी झाली तेव्हा सरांनी सगळ्यांची वजनं मोठ्यानं वाचली होती, माझं वाचताना मुलं बाकं बडवत होती. आता परत नाही.

डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, बळजबरी करू नका, पण फार थांबूही नका.

एका सकाळी आईनं सवयीनं दुधाचा तांब्या पोरीपुढे ठेवला आणि सुरेखाचा तोल गेला. तिनं तांब्या मोरीत ओतला. आई म्हणाली, माझ्या हातचं दूध इख झालं का गं? सुरेखा माझ्याकडे वळली.

"तुमच्या पैलवानकीनं माझ्या पोरीचं वाटोळं केलं. तिला निदान दवाखान्यात तरी न्या. तेवढं तरी करा."

माझा राग नाकावर असतो, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी राग आलाच नाही.

गुरुवार

गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, रस्ता मोकळा, काटा बंद. मी श्रावणीला म्हणालो, चल, केबिन झाडायची आहे. आली, कुरकुरत.

मशीन चालू केलं. माझ्या काट्याला आत एक स्क्रीन आहे आणि बाहेर रस्त्याच्या बाजूला मोठा बोर्ड, लाल आकड्यांचा, ड्रायव्हरला खालून दिसावा म्हणून. मी तिला खुर्चीत बसवलं आणि म्हणालो, आकडा बघ. मग बाहेर आलो आणि पाट्यावर चढलो. जिथं ट्रक उभे राहतात तिथं, मधोमध.

बोर्डावर एकशे साठ आलं. माझा काटा दहा-दहा किलोनं मोजतो, त्याला त्यातलं बारीक कळत नाही, पण मला पुरेसं कळलं. समोर चहाच्या टपरीवर दोघं-तिघं टेम्पोवाले बसले होते. एक ओरडला, "पैलवान, पावती फाडा की!" बाकीचे खिदळले. एकानं मोबाईल वर केला. वाटलं जमीन फाटावी आणि पाट्यासकट आत जावं. पण उतरलो नाही. पोरीला लोकांपुढे काट्यावर चढ म्हणत होतो आणि स्वतः सगळ्या गावापासून साखर लपवत होतो, हे मला आदल्या रात्री मास्क लावून पडल्या पडल्या कळलं होतं. मी टपरीकडे तोंड करून म्हणालो, एकशे साठ हाय, आणि मला शुगर हाय, कुणाला सांगायचं तर सांगा. मोबाईलवाल्यानं मोबाईल खाली घेतला.

बोर्ड विझला. श्रावणी केबिनच्या पायरीवर उभी होती. तिनंच बटण बंद केलं होतं.

"उतरा पप्पा. पुरे झालं," म्हणाली. डोळे भरलेले. मी उतरलो. ती थोडा वेळ चपलेनं माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही आत जा. बोर्ड लावायचा नाही."

मी आत गेलो. ती चढली. एवढ्या मोठ्या लोखंडी पाट्यावर माझी पोरगी एवढीशी दिसत होती. आतल्या स्क्रीनवरचा आकडा एका दहावरून पुढच्या दहावर नाचत होता, ठरेना. किती, तिनं खालून विचारलं. मी बाहेर येऊन तिच्या कानात दोन्ही आकडे सांगितले. म्हणजे नक्की नाही, ती म्हणाली. मी म्हणालो, ट्रकचा काटा आहे बाळा, त्याला माणसाचं नीट सांगता येत नाही.

"मग जाऊ दवाखान्यात," ती म्हणाली. "पण कुणी मोठ्यानं वाचायचं नाही."

आतली खोली

तपासण्यांत काय निघालं ते आधी सांगून टाकतो, कुणाचा जीव टांगणीला नको. तिची साखर काठावर आहे, अजून पलीकडे गेलेली नाही. लिव्हरवर चरबीची सुरुवात. पाळी औषधानं आणि खाण्या-चालण्यानं रुळावर येईल, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. आता घरात तांब्या बंद आहे. आई आम्हा बापलेकीसाठी ताक करते, वरचं लोणी काढून, आणि ते काढताना रोज पुटपुटते. वस्तादांना मी स्वतः जाऊन साखरेचं सांगितलं. ते म्हणाले, मलाबी हाय, कुणाला सांगितलं न्हाई. आम्ही दोघं संध्याकाळी तालमीपर्यंत चालत जातो. मी अजून जाड आहे. लाजही गेलेली नाही, खोटं कशाला बोलू? लग्नात बसायच्या आधी खुर्चीचे पाय बघतो, पेलतील का म्हणून.

पण मला सांगायचंय ते त्या दिवसाचं. मी आहारतज्ज्ञ मॅडमना आधी फोन करून ठेवला होता. त्यांनी काटा आतल्या खोलीत नेऊन ठेवला होता आणि दाराला पडदा लावला होता. आत त्या, सुरेखा, श्रावणी आणि दारापाशी मी. श्रावणीनं चप्पल काढली. ओढणी काढली, घडी करून आईच्या हातात दिली. मी सवयीनं भिंतीकडे तोंड केलं.

काट्यावर पाय ठेवल्याचा आवाज आला. आकडा कुणी वाचला नाही.

"पप्पा," ती म्हणाली. "तिकडे नका बघू. इकडे बघा."

मी वळलो. खिशातून चष्मा काढला, लावला आणि माझ्या मुलीचं वजन बघितलं.